डॅनियलचं भाषण

डॅनियलचा फोन आला तेव्हा संचिता घाडी मालवणच्या कॉलेजमधल्या सभागृहात स्टुलावर चढून बॅनरचा सुटलेला कोपरा बांधत होती. बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'क्वांटम तंत्रज्ञान : नवं शतक, नवी दारं' असं लिहिलं होतं आणि त्याखाली 'प्रमुख वक्ते : डॉ. डॅनियल आल्मेडा, जर्मनी'. विद्यापीठाच्या व्याख्यानमालेतलं हे भाषण यंदा आपल्या कॉलेजला मिळावं म्हणून तिने पावसाळ्यापासून खटपट चालवली होती. वक्ता आपल्याच जिल्ह्यातला, वेंगुर्ल्याचा, हे तिने प्राचार्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. तो आपल्या ओळखीचा आहे हे मात्र बरंच उशिरा सांगितलं, आणि तेही "एकाच ठिकाणी शिकत होतो" एवढंच.

"संचिता, घोटाळो झालो," डॅनियल म्हणाला.

बारा वर्षांनी ती त्याचा आवाज ऐकत होती, आणि तो घोटाळ्याबद्दल बोलत होता. या तीन-चार महिन्यांत त्यांचं जे काही बोलणं झालं ते सगळं ई-मेलवर, इंग्रजीत, तारखा आणि प्रोजेक्टर यांच्याबद्दल. ती स्टुलावरून खाली उतरली.

"खंय आसस तू?"

"वैभववाडीक. फुडे मालगाडीचा इंजिन बंद पडलाहा, म्हणतत. आमची गाडी कधी सुटात काय सांगूक येणा नाय. मी उतरतंय आणि भाड्याची गाडी बघतंय. पण दोन तास तरी जातले."

"अरे, पोरा येवन बसली हत. देवगडाकसून, कणकवलीसून."

"मग तू बोल."

"मी काय बोलू?"

"भाषण. स्लायडी तुझ्याकडे आसत. अर्धा तुका म्हायत आसा. उरलेला अर्धा तू माझ्यापेक्षा बरा सांगशीत."

ती काही बोलायच्या आत फोन कट झाला. परत लावला तर लागेना.

प्राचार्य कांबळी सरांनी ऐकून घेतलं आणि कपाळावरून रुमाल फिरवला. बाहेरच्या मुलांची परतीची एसटी दुपारी होती, ती चुकली तर मुली घरी कशा पोचणार, हा त्यांना पहिला घोर. विद्यापीठातून आलेल्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. कार्यक्रम पुढे ढकलावा, असं सर हळूच म्हणाले.

"मी सुरुवात करते, सर," संचिता म्हणाली. "ते येईपर्यंत."

"तुम्हांला जमेल ना, मॅडम? म्हणजे विषय अगदीच नवा आहे, म्हणून म्हटलं."

"बघते," ती म्हणाली.

सरांचं काही चुकलं नव्हतं. गेली अकरा वर्षं ते तिला ओळखत होते ते बी.एस्सी.च्या मुलांना प्रकाशशास्त्र शिकवणारी, प्रयोगशाळेतल्या सोडियमच्या दिव्यांना जपणारी, आचऱ्याहून रोज गाडी चालवत येणारी घाडी मॅडम म्हणून. तिच्या नावापुढे एम.एस्सी. होतं, पीएच.डी. नव्हतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिने त्यासाठी तीन वर्षं काढली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग सोडलंत का?

पुण्यात ती आणि डॅनियल एकाच मार्गदर्शकाकडे होते. आरसे आणि भिंगं मांडलेल्या त्या लांबरुंद लोखंडी टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. संस्थेत मालवणी बोलणारी तीच दोघं. बाकीची मंडळी बंगाली, तमिळ, कानपूरकडची. त्यांच्यासमोर ही दोघं "आरसो जरा उजवीकडे घे गो" आणि "घेतलंय रे, तुझोच किरण वाकडो आसा" असं बोलायला लागली की सगळे हात थांबवून ऐकायचे. दिवसभर काळोख्या खोलीत काम करायचं, संध्याकाळी कॅंटीनमध्ये मासळी नाही म्हणून रडायचं, आणि सुट्टीत एकाच बसने घाट उतरायचा. मध्ये ती उतरायची, तो पुढे जायचा. इतकी वर्षं ती याला मैत्री म्हणत आली होती. दुसरा शब्द उच्चारायची वेळ यायच्या आधीच आचऱ्याहून फोन आला. आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वडील, सत्यवान घाडी, शेती आणि माड सांभाळणारे, त्यांना इस्पितळातले कागद बघूनच घाम फुटायचा. संचिता एकुलती एक. तिने सहा महिन्यांची रजा घेतली. त्याच वर्षी डॅनियलला जर्मनीत जागा मिळाली. रजा संपायला आली तेव्हा राहिलेलं सामान न्यायला ती पुण्याला गेली होती, तेव्हा एसटी स्टँडवर तिची ट्रंक बसच्या पोटात ढकलत तो म्हणाला, "थंय दोघांकय जागा आसा. मी सरांशी बोललंय. येशीत?"

"आईचा जरा बरा झाला की," ती म्हणाली होती.

आई नऊ वर्षं जगली. चांगली जगली, हसतखेळत. त्या नऊ वर्षांबद्दल संचिताच्या मनात राग नव्हता. डॅनियल पहिली दोन वर्षं लिहीत राहिला. मग एका चर्चच्या पायऱ्यांवर उंच, सोनेरी केसांच्या मुलीबरोबर उभा असलेला त्याचा फोटो आला. संचिताने 'अभिनंदन' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी केली. आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली होती. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं. फक्त जायचं कुठे, ते उरलं नव्हतं.

*

माइक हातात घेऊन तिने इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली, तिसऱ्याला तिचं लक्ष दुसऱ्या रांगेतल्या रियाकडे गेलं. रिया आचऱ्याची, तिच्याच वर्गातली. मान वर न करता ती शब्द न् शब्द उतरवून घेत होती, आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या. संचिता थांबली. मग मराठीत म्हणाली, "वही मिटा. नुसतं ऐका. नाही कळलं तर मधेच विचारा."

मुलं हसली. सभागृह जरा सैल झालं.

तिने पुढची स्लाइड लावली. काल संध्याकाळी फाइल उघडते की नाही एवढंच तिने तपासलं होतं, आत बघितलं नव्हतं. त्याची नवी प्रयोगशाळा, नवी माणसं, ते सगळं एकटीने बघण्याची तिची तयारी नव्हती. आता ते शंभर-सव्वाशे जणांच्या देखत बघावं लागणार होतं.

पडद्यावर काळी चौकट आली आणि तिच्या मधोमध एक पांढरा, धुरकट ठिपका. ठिपक्याच्या खाली डाव्या अंगाला एक तिरपी रेघ. कॅमेऱ्याच्या काचेवर चरा होता, त्याची. तो चरा संचिताच्याच हातून पडला होता, पान्याने. हा फोटो जर्मनीतला नव्हता, पुण्यातला होता.

माइकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. कांबळी सर खुर्चीत पुढे सरकले.

"हा ठिपका बघा," ती म्हणाली. "हे रुबिडियम नावाच्या धातूचे अणू आहेत. साधारण एक कोटी असतील. आणि ते थंड आहेत. थंड म्हणजे बर्फ नव्हे. थंड म्हणजे हळू. आत्ता या सभागृहातली हवा स्थिर वाटते ना? तिच्यातला एकेक कण विमानापेक्षा जोरात पळतोय. हे अणू मात्र किनाऱ्यावर कुर्ली चालते तेवढ्या वेगाने जाताहेत. इतके हळू झाल्यावरच त्यांचा खरा स्वभाव दिसतो, आणि तो स्वभाव वापरून जे काही बनवायचं, त्याला आपण क्वांटम तंत्रज्ञान म्हणतो."

"पण मॅडम, अणूला धरायचं कशाने?" मागून एका मुलाने विचारलं.

"प्रकाशाने. प्रकाशालाही धक्का असतो, फार बारीक. समोरून येणाऱ्या अणूलाच तो धक्का बसावा, पळणाऱ्याला बसू नये, असा प्रकाशाचा रंग अगदी नेमका लावायचा. असे सहा किरण सहा बाजूंनी. अणू जिकडे जाईल तिकडून त्याला मागे लोटलं जातं. शेवटी तो मध्ये येऊन थांबतो." ती पडद्याकडे वळली. "सांगायला सोपं आहे. हा ठिपका दिसायला आठ महिने लागले. पंप गळायचा. लेझरचा रंग सरकायचा. रस्त्यावरून ट्रक गेला तरी आरसे हलायचे. कधीकधी वाटायचं, पुस्तकात लिहिलंय ते खोटं आहे. मग एका दुपारी, सगळे चहाला निघाले होते, एकाने सहज जाता जाता स्क्रू पाव आटा फिरवला आणि हा दिसला. कुणी काही बोललं नाही. बोललं तर जाईल, असं वाटत होतं."

रियाने हात वर केला. "मॅडम, तुम्ही होतात तिथे?"

"होते," संचिता म्हणाली.

पहिल्या रांगेत कांबळी सरांनी विद्यापीठाच्या बाईंकडे बघितलं. संचिताने पुढची स्लाइड लावली.

त्यानंतर तिला कुठे अडलं नाही. क्वांटम संगणक कशाला हवेत आणि त्यांच्याबद्दल किती बढाया मारल्या जातात, हे तिने सांगितलं. चोरून वाचला तर चोर पकडला जातोच, असा निरोप प्रकाशाच्या कणांवरून कसा पाठवतात, तेही सांगितलं. आणि मग ती डॅनियलच्या स्वतःच्या कामावर आली. हे अणू सोडून द्यायचे, पडू द्यायचे. पडताना त्यांच्यावर लेझरचा झोत मारला की प्रत्येक अणू एकाच वेळी दोन वाटांनी जातो. पुढे त्या दोन वाटा पुन्हा एकत्र आणायच्या. त्यांच्यातल्या फरकावरून पृथ्वी तिथे किती जोराने ओढते, ते इतकं बारीक मोजता येतं की पायाखाली पोकळी आहे की दगड, दगडात पाणी आहे की नाही, हेसुद्धा वर उभं राहून सांगता यावं.

"म्हणजे मॅडम, आमच्या सड्यावर पाणी खंय आसा ता कळात?" आचऱ्याकडच्या एका मुलाने विचारलं, आणि सगळे हसले, कारण तो गडबडीत मालवणीत बोलून गेला होता.

"कळात," तीही हसून म्हणाली. "आज नाही. यंत्र अजून महाग आहे. पण हे मोजता येतं, हे सिद्ध झालंय. सड्यावरच्या, कातळातल्या विहिरी मार्चमध्ये तळ गाठतात आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या होतात, हे तुम्हांला माहीत आहे. जमिनीखालचं पाणी कसं सरकतं, हे न खणता बघता आलं तर काय होईल, विचार करा."

ती हे बोलत असताना मागचं दार उघडलं.

त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. खांद्यावर बॅग, शर्टाला लाल धूळ. कांबळी सर लगबगीने उठले, तसा त्याने हातानेच त्यांना बसायला सांगितलं आणि तो सगळ्यांत मागच्या रांगेत, एका मोकळ्या खुर्चीवर बसला. संचिताला वाटलं होतं, तो दिसला की आवाज कापेल. कापला नाही. उलट शब्द जास्तच सुचायला लागले. मोजमाप कसं चुकतं, ते कसं सुधारायचं, हे ती मुलांना सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण मुलांना सांगत नाही आहोत.

मुद्दा संपवून तिने माइक पुढे केला. "प्रमुख वक्ते आलेत. यापुढचं तेच..."

डॅनियल रांगांमधून पुढे आला आणि मंचाखालीच उभा राहिला. "तू बोल," तो हळू म्हणाला. "मी आयकतंय."

शेवटच्या चार स्लाइडही मग तिनेच संपवल्या. प्रश्न सुरू झाले तेव्हा पहिला हात रियाचा होता.

"अणू दोन्ही वाटांनी जातो म्हणालात. पण खरा कुठल्या वाटेने गेला, ते शेवटी कळतं का?"

"नाही. ते कळावं अशी काही सोय केली तर मोजमापच बिघडतं."

"मग त्याला खरी वाट नसतेच?"

"यावर मोठमोठ्या लोकांची अजून भांडणं चालू आहेत, रिया. तू आणखी शिक. मग मला सांग."

पुढचा प्रश्न, यंत्र लहान व्हायला किती वर्षं लागतील, हा होता. तिने माइक खाली डॅनियलच्या हातात दिला. "मला बारा वर्षांपूर्वीपर्यंतचंच माहीत आहे," ती म्हणाली, "पुढचं डॉक्टर आल्मेडा सांगतील." त्याने सांगितलं, की एका खोलीचं कपाट झालंय, आणि आता ते व्हॅनमध्ये घालून शेतात नेता येतं. मराठी बोलताना तो मध्येच अडत होता आणि जर्मन वळणाने 'र' उच्चारत होता. मुलांना ते फार आवडलं.

शेवटी त्याला शाल आणि श्रीफळ मिळालं. संचिताला कांबळी सरांनी गुलाबाचं फूल दिलं आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधी बोललाच नाहीत."

*

वेंगुर्ल्याला जायला कॉलेजने गाडी ठरवली होती. जेवणं झाल्यावर संचिता म्हणाली, "मी सोडते," आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चौके गाव मागे पडेपर्यंत ती दोघं गाडीच्या उशिराबद्दल, वैभववाडीच्या बाजारात त्याला मिळालेल्या जीपबद्दल, जीपवाल्याने कणकवलीपर्यंत ऐकवलेल्या भजनांबद्दल बोलत राहिली. मोहोर धरलेल्या आंब्यांचा वास उघड्या काचेतून आत येत होता.

"तुका राग इलो?" त्याने विचारलं.

"कसलो?"

"त्या फोटोचो."

"नाय. तो कित्याक ठेवलंस?"

"दर भाषणात पयलो तोच लावतंय. मग बोलूक सुचता."

संचिताने गिअर बदलला. पुढे ऊस भरलेला टेम्पो चालला होता, त्याला ओलांडायला जागा नव्हती.

"माझ्या गटात एक जागा आसा," तो म्हणाला. "एक वर्साची. पाहुणी संशोधक म्हणान. कायमचा मागसून बघूया, डिग्री व्हयी असा काय नाय. आज तुझा आयकान माका वाटला, ह्या मी अगोदरच इचारूक होया होता. येशीत?"

टेम्पो वळला. समोर कर्ली नदीचा पूल आला आणि दोन्ही अंगांना एकदम पाणी पसरलं. भरती होती. संचिताच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, जी तिने कधी पाहिली नव्हती, आणि तरीही तिला तिथला सगळा तपशील दिसला. पंपाची घरघर, बोटांना गार लागणारे स्क्रू, भिंतीवरचा जाड कोट. एकेचाळिसाव्या वर्षीही हात विसरले नसतील, याची तिला खात्री होती. हे सगळं तिला हवं होतं, फार हवं होतं.

आणि त्या खोलीला एक दार होतं. रोज सकाळी ते उघडेल, तो आत येईल. ती त्या दाराकडे बघत काम करील. संध्याकाळी तो आपल्या घरी जाईल, बायकोमुलांत, आणि तसं त्याने जायलाच हवं. आपण अणूंसाठी आलो आहोत, असं ती एक वर्षभर सगळ्यांना सांगत राहील.

"नको," ती म्हणाली.

"बाबांसाठी?"

हो म्हणणं सोपं होतं. तिने पूल संपू दिला.

"नाय. बाबा जा म्हणतीत."

"मग?"

"तुका म्हायत आसा."

परुळ्याची चढण लागली, काजूच्या बागा सुरू झाल्या. तेव्हा तो म्हणाला, "व्हय." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि त्याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले.

*

त्याचं घर बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे ओसरी, तिच्यावर दोन वेताच्या खुर्च्या. त्याची आई डेल्सी दारातच उभी होती. वडील, कुस्तोदियो, गेल्यापासून ती एकटीच राहायची. पाठीत वाकलेली, फुलाफुलांचा झगा घातलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"माय, ही संचिता," डॅनियल म्हणाला.

"म्हायत आसा," डेल्सी म्हणाली. तिने मुलाच्या गालावरून हात फिरवला, पण बघत होती ती संचिताकडे. "हय येवक इतकी वर्सां लावलंस?"

डॅनियल पटकन म्हणाला, "माय, तिका चाय दी," आणि बॅग घेऊन आतल्या खोलीत गेला.

डेल्सीने तिला सैपाकघरात नेलं. चहा टाकला, ताटलीत दोदोलाचे, गूळ-नारळाच्या मिठाईचे, तुकडे मांडले, आणि पाठमोरीच बोलायला लागली.

"त्या नाताळाक मी वाट बघलंय तुझी. झिलान पुण्याक असताना फोन केलेलो. तो म्हणालो, माय, एक चेडू हाडतंय जेवक. आपल्या धर्मातली नाय, पण भाषा आपली. तू आणि पप्पा तिका बरे वागवा, माका तिका इचारूचा आसा, तुमच्यासमोर. तेच्या बापसान घराक रंग काढलो. मी चार पानां मांडलंय. मगे तो एकटोच इलो. तिची आवय आजारी पडली, म्हणालो."

संचिताच्या हातात कप होता. तो तिने खाली ठेवला.

तो नाताळ तिला आठवत होता. "वेंगुर्ल्याक चल, नेवऱ्यो खावक," असं तो म्हणाला होता, आणि ती हो म्हणाली होती, जसं कुणीही म्हणेल. आदल्या दिवशी आचऱ्याचा फोन आला. बसमध्ये शेजारीच बसून त्याने तिला धीर दिला होता, तिच्या थांब्यावर सामान उतरवून दिलं होतं, आणि म्हणाला होता, "जा तू. नेवऱ्यो फुडल्या वर्सा." तो स्वतः काय ठरवून घरी चालला होता, त्याबद्दल एक अक्षरही नाही. तिचं ओझं वाढू नये म्हणून. पुढे एसटी स्टँडवर विचारलं तेही जागेबद्दल, कामाबद्दल.

"माका कायच म्हायत नव्हता, आंटी," ती म्हणाली.

डेल्सी वळली. तिने चष्मा काढून झग्याला पुसला. "तेका सांगू नको हां मी बोललंय ता. बायको बरी आसा तेची. नाती मायाळू आसत. पण फोन केल्यार तीं काय बोलतत ता माका कळणा नाय, आणि मी बोलतंय ता तेंका कळणा नाय." चष्मा परत लावून ती म्हणाली, "तुझो नंबर दी माका."

डॅनियल गाडीपर्यंत आला. ऊन तिरपं झालं होतं, बंदराकडून मासळीच्या टोपल्या घेऊन बायका वर येत होत्या.

"भाषण बरा झाला," तो म्हणाला.

"तुझाच होता."

"नाय. माझा असा होणा नाय." त्याने गाडीच्या दारावर हात ठेवला होता. तिने गाडी सुरू केल्यावर तो काढला.

म्हापण ओलांडल्यावर तिने गाडी रस्त्याच्या कडेला, एका काजूच्या बागेपाशी घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ती रडली. एक एसटी गेली, दोन मोटरसायकली गेल्या. मग तिने तोंड पुसलं. घरी सत्यवान पडवीत नारळ सोलत बसले होते.

"कसा झाला गो भाषण?"

"बरा झाला."

"पावणो इलो?"

"इलो. उशिरान."

त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. सोललेला नारळ तिच्या हातात देऊन म्हणाले, "आज मी भात टाकलंय. तू आंघोळ कर."

*

डॅनियल आठवड्याने परत गेला. जाताना त्याने दोन ओळींचं पत्र पाठवलं, इंग्रजीत, कॉलेजचे आभार मानणारं. संचिताने तसंच उत्तर दिलं.

फोन आला तो डेल्सीचा. "बांगडे ताजे गावलेत. आयतवार आसा. ये," एवढंच बोलून तिने ठेवून दिला. संचिता गेली. मग पुन्हा एकदा गेली. होता होता ते ठरूनच गेलं. एखादा रविवार आड ती परुळ्याच्या रस्त्याने वेंगुर्ल्याला जायची. दोघी मासे साफ करायच्या, जेवायच्या, ओसरीवर वेताच्या खुर्च्यांत बसायच्या. डॅनियलबद्दल बोलणं निघायचं ते त्याच्या लहानपणाचं. पुण्याचं संचिता सांगायची, त्याच्या पुढचं दोघींनाही फारसं माहीत नव्हतं.

एप्रिलच्या एका रविवारी तिने डेल्सीला सांगितलं की सुट्टीत ती पुण्याला चाललीय. कॉलेजच्या शिक्षकांना दोन महिने संशोधन संस्थेत काम करायला मिळतं, तिने अर्ज केला होता, तो मंजूर झाला.

"थंडच अणू?" डेल्सीने विचारलं. तेवढा एक शब्द ती शिकली होती.

"व्हय."

"तेका सांगलंस?"

"नाय."

तेवढ्यात टेबलावरचा डेल्सीचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर डॅनियलचं नाव होतं, व्हिडिओ कॉल. संचिता खुर्चीतून उठली.

"मी हय आसंय ता सांगू नको, आंटी," ती म्हणाली आणि सैपाकघरात गेली. अर्धे कापलेले बांगडे तिथे पाटावर होते. ती विळीवर बसली.

ओसरीवर डेल्सीने फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून उभा केला. त्याचा आवाज आला, बारीक. तिकडे अजून थंडी होती. धाकटीचा दात पडला होता.

"एकटीच आसस, माय?"

"नाय. शेजारीण आसा. बांगडे कापता."

कोण शेजारीण, ते त्याने विचारलं नाही. मग त्याने औषधांचं विचारलं, नळाचं विचारलं. डेल्सीने सगळ्यांना हो हो केलं.

"माका आयकूक येणा नाय रे," ती एकदम म्हणाली. तिचे कान चांगले होते. संचिताला आतून दिसलं, ती फोनवर वाकली आणि बाजूचं बटण दाबत राहिली, आवाज पुरता मोठा होईपर्यंत. मग मागे टेकून बसली.

"थंय काम कसा चल्लासा तुझा?"

"काम?" आता त्याचा आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता. "ता आयकान काय करतलंस, माय?"

"सांग मरे. येळ आसा माका."

तो सांगायला लागला. आधी थोडक्यात, अवघडून. नवीन लेझर आलाय. अणू आधीपेक्षा जास्त वेळ थांबतात. मग हळूहळू त्याचा आवाज मोकळा होत गेला. कुठला आरसा हलत होता, तो कसा सापडला, परवा व्हॅन घेऊन शेतात गेले तेव्हा काय झालं. डेल्सीला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. पण तो थांबला की ती विचारायची, "मगे? फुडे?" आणि तो पुन्हा बोलायला लागायचा.

संचिता हातातला बांगडा तसाच धरून ऐकत होती.